डाइव्हला कापायला काय न्यायचं? चार हत्यारं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

माझा पहिला डाइव्ह नाईफ, म्हणजे स्कूबा डाइव्हिंगला न्यायचा चाकू, मी निव्वळ दिसायला भारी होता म्हणून घेतला, हे आधीच कबूल करतो म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला तज्ज्ञबिज्ञ समजणार नाही. वीतभर पातं, एका बाजूला साधी धार, दुसऱ्या बाजूला करवतीचे दाते, मुठीच्या बुडाला ठोकायला स्टीलचा गट्टू, आणि पिंढरीला बांधायचे दोन रबरी पट्टे. वेटसूटवर तो बांधून बोटीच्या काठावर बसलं की आपण म्हणजे कोणीतरी आहोत असं वाटायचं. पाण्याखाली दोन वर्षांत त्याचा एकूण उपयोग काय, तर पाठीवरच्या हवेच्या टाकीवर टणटण वाजवून बडीला, म्हणजे जोडीदार डाइव्हरला, हाक मारणं. बास. आणि शार्कशी झटापट वगैरे जे डोक्यात असतं ते सोडून द्या, डाइव्हरचा चाकू माशांसाठी नसतोच, तो असतो दोरी, जाळं आणि तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी यांच्यासाठी.

मग एकदा तंगूस भेटली. बुडालेलं जहाज होतं, साधारण १८ मीटरवर. अशा जहाजावर मासे जमतात, मासे जमतात म्हणून वरून गळ टाकणारे येतात, आणि त्यांची तुटलेली तंगूस कठड्यांना नि पायपांना लोंबत राहते, ती पाण्यात धड दिसत पण नाही. मी कठड्याला वळसा मारून निघालो आणि कोणीतरी मागून टाकी धरून ठेवल्यासारखं झालं. आता अशा वेळी जे अजिबात करायचं नसतं नेमकं तेच केलं, काय अडकलंय बघायला गर्रकन वळलो. वळलं की दोरी अजून एक फेरा घेते. आधी फक्त फर्स्ट स्टेजला, म्हणजे टाकीच्या तोंडावरच्या रेग्युलेटरच्या भागाला, अडकलेली, ती आता पायातल्या फिनच्या बकलपर्यंत आली. चाकू उजव्या पिंढरीला, तोही बाहेरच्या बाजूला. गुडघा वर घ्यावा तर तंगूस ओढते, वाकावं तर टाकी मागून धरलेली. कसाबसा हात पोचला तर म्यानाचं बटण ५ मिमीच्या हातमोज्यातून बोटाला लागेना, लागलं तर दबेना कारण त्यात वाळू गेलेली. शेवटी निघाला एकदाचा, पण एवढं मोठं टोकदार पातं हातात घेऊन स्वतःच्याच डोक्यामागे, श्वासाची हवा आणणाऱ्या रेग्युलेटरच्या होजपाशी, न बघता काय कापणार? तेवढ्यात बडी आला, मला हातानेच थांब म्हणाला, खांद्याच्या पट्ट्यावरच्या पाकिटातून काडेपेटीएवढं काहीतरी काढलं आणि दोन टिचक्यांत मी मोकळा. वर आल्यावर तो एवढंच म्हणाला, तुझा चाकू छान आहे रे, फोटोत येतो.

त्यानंतर मी हे प्रकरण जरा मनावर घेतलं. स्वतःचं, मित्रांचं उसनं असं करून चार प्रकार वापरून बघितले: तो मोठा चाकू, एक छोटा टायटॅनियमचा बोथट टोकाचा चाकू, लाईन कटर आणि ट्रॉमा शिअर्स म्हणजे अँब्युलन्सवाले कपडे कापायला वापरतात त्या वाकड्या तोंडाच्या कात्र्या. पाण्याखालच्या खऱ्या अडचणी काही ऑर्डर देऊन येत नाहीत, म्हणून घरी बादलीत खारं पाणी, हातात तेच ५ मिमीचे मोजे, डोळे बंद, आणि कापायला पाच गोष्टी: साधी तंगूस, मासेमारीची विणलेली ब्रेडेड लाईन, ८ मिमीचा पॉलीप्रॉपिलीनचा दोर, जुन्या जाळ्याचा तुकडा आणि वजनं अडकवायच्या वेट बेल्टचा पट्टा. घरच्यांना वाटलं माझं काहीतरी बिनसलंय.

तर आधी ही गंमत सांगतो जी दुकानात उभं राहून कधीच कळत नाही. चाकूने दोरी कापायची तर दोरी ताणलेली लागते. जमिनीवर आपण नकळत एका हाताने दोरी धरतो, कशावर तरी टेकवतो आणि दुसऱ्या हाताने चाकू चालवतो. पाण्यात टेकवायला काही नाही, आणि सैल तंगूस पात्यापुढे नुसती सरकत राहते, तुम्ही ढकलाल तेवढी ती मागे जाते. म्हणजे चाकूला दोन हात पाहिजेत. एका हातात टॉर्च किंवा एसएमबीची (वर सोडायच्या खुणेच्या फुग्याची) रीळ असेल, किंवा तोच हात अडकला असेल, तर बसा. लाईन कटरला पातं एका खाचेत आत बसवलेलं असतं, दोरी खाचेत अडकवायची आणि ओढायची, एका हाताने होतं, पण दोरीचं दुसरं टोक कुठेतरी पक्कं हवं म्हणजे थोडा ताण इथेही लागतोच. कात्रीला ताणच लागत नाही. सैल, लोंबती, गुंतवळ झालेली, काहीही असो, दोन पात्यांमध्ये आली की तुटली. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं सोपं होतं.

लाईन कटर. यात ट्रायलोबाइट हे बऱ्याच जणांना माहीत असलेलं नाव, बाकी त्याच धर्तीचे खूप येतात. माझ्याकडे आहे तो हार्नेसच्या वेबिंगच्या, म्हणजे विणलेल्या, पट्ट्यावर पाकिटासकट चढतो आणि पातं बोथट झालं की नुसतं पातं बदलता येतं. तंगूस यात लोण्यासारखी कापली जाते, खरंच, आवाजपण येत नाही. जाळ्याचा तुकडा एकेक घर करत कापावा लागला पण पटापट झाला. पट्टा कापला, जरा जोर लागला. पातं आत असल्यामुळे होज, बीसीडी (हवा भरायचं जॅकेट), स्वतःचं बोट, काही कापायची भीती नाही, म्हणून डोक्यामागे आंधळेपणाने काम करायचं असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही. आता रडगाणं: खाच केवढी तेवढीच दोरी जाते. ८ मिमीचा दोर माझ्या कटरच्या तोंडात शिरलाच नाही, तिरका धरून, चेपून, शिव्या देऊन पण नाही. शिवाय पातं ब्लेडसारखं पातळ असल्याने खाऱ्या पाण्याने लवकर जातं. एका ट्रिपनंतर न धुता ठेवला तर पुढच्या ट्रिपला धारेवर तांबडे ठिपके होते. सुटी पाती घेऊन ठेवा आणि बदला, त्यात कंजूषपणा नको. आणि हो, झिरकोनियाच्या सिरॅमिक पात्याचेही कटर मिळतात, ते गंजत नाही म्हणजे नाहीच, पण ठिसूळ. मित्राचा दगडावर पडला आणि धारेचा टवका उडाला, संपलं.

ट्रॉमा शिअर्स. दिसायला सगळ्यात गरीब, चारातलं सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या बादलीत पहिला नंबर यांचा. एका पात्याला बारीक दाते असतात त्यामुळे दोरी निसटत नाही. ब्रेडेड लाईनचं वेगळं सांगायला पाहिजे कारण हल्ली गळवाले तीच जास्त वापरतात. ती डायनिमासारख्या धाग्यांची असते, पातळ, प्रचंड मजबूत आणि निसरडी. टायटॅनियमच्या साध्या धारेवर ती नुसती घासत बसली, दात्यांवर धरली तेव्हा तुटली, कात्रीने मात्र एका फटक्यात. ८ मिमीचा दोर दोन-तीन चाव्यांत. गळाच्या आधी जी बारीक स्टीलची तार लावतात ना, ती चाकूने कापायच्या फंदात पडूच नका, होणार नाही, धार मात्र जाईल. पातळ तार असेल तर शिअर्सने तुटते, जाड असेल तर पक्कडीच्या जातीचं वायर कटरच लागतं. खालचं टोक चपटं आणि बोथट असल्याने वेटसूटखाली सरकवली तरी कातडीला लागत नाही, म्हणजे कोणाला दुखापत झाली तर बोटीवर सूट कापून काढायलाही तीच.

वाईट काय? सांध्याचा खिळा. बहुतेक स्वस्त शिअर्समध्ये पाती बरी असतात पण तो मधला खिळा भलत्याच स्टीलचा असतो, आणि तो गंजला की कात्री घट्ट धरून बसते. माझी पहिली जोडी आठ दिवसांच्या ट्रिपमध्ये अशी अडकली की उघडायला पक्कड आणावी लागली. दुसरं म्हणजे प्लास्टिकच्या मुठीतली भोकं. जाड मोज्यात, त्यात पाणी आत न येणारा ड्राय ग्लोव्ह असेल तर, अंगठा जातच नाही. घेताना मोजे घेऊन जा, लोक तुमच्याकडे बघतील, बघू दे.

छोटा टायटॅनियमचा चाकू. हा मला आवडतो हे आधीच सांगतो, तरी याच्याबद्दलची तक्रार मोठी आहे. टायटॅनियम समुद्राच्या पाण्यात गंजत नाही, हलकं असतं, आणि चुंबकाला लागत नाही. शेवटचा मुद्दा ऐकायला फालतू वाटेल पण मनगटावर कंपास असेल आणि शेजारी कडक स्टीलचा चाकू असेल तर सुई हलते, मी करून बघितलंय. सुरुंग निकामी करणारे डाइव्हर बिनचुंबकी हत्यारं वापरतात ते सुद्धा याचसाठी, तिथे नुसती सुई हलण्याचा प्रश्न नसतो. पण टायटॅनियम चांगल्या कडक स्टीलएवढं कडक होत नाही, त्यामुळे धार टिकत नाही. नवा असताना मस्त, दहा-बारा डाइव्ह आणि थोडी खेळखंडोबागिरी झाली की तंगूस कापताना दोनदा ओढावं लागतं. दातेरी भाग मात्र बराच काळ साथ देतो, म्हणून टायटॅनियम घेणार असाल तर निदान अर्धं पातं दातेरी असलेलाच घ्या. पात्याच्या पाठीवर ती आकड्यासारखी लाईन कापायची खाच असते ना, ती बघून मी खूश झालेलो, पण बहुतेक चाकूंवर तिची धार इतकी मोठ्या मनाने सोडलेली असते की तिथे बोट फिरवलं तरी काही होत नाही. विकत घेताना तिथे दोरा ओढून बघा.

टोक टोकदार की बोथट, यावर लोक तासन् तास भांडतात. माझं मत सरळ आहे, बोथट. पाण्याखाली भोसकायचं कुणालाच नाहीये, टोक फक्त बीसीडीला, होजला किंवा मदतीला आलेल्या माणसाला लागतं. चपट्या टोकाने काहीतरी उचकटता तरी येतं.

स्टीलबद्दल थोडं, कारण "स्टेनलेस आहे ना, मग गंजला कसा" हा प्रश्न दर ट्रिपला कोणीतरी विचारतंच. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याचा ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर पृष्ठभागावर बसतो, तोच खरा रखवालदार. तो थर ओरखडा आला तर स्वतःहून भरून निघतो, पण त्याला ऑक्सिजन लागतो. आता ओला चाकू म्यानात घट्ट बसवून बॅगेत टाकला की काय होतं, म्यानाच्या फटीत खारं पाणी अडकतं, ऑक्सिजन नाही, वर मिठातलं क्लोराइड तो थर पोखरतं, आणि तिथेच खड्डे पडतात. म्हणजे पाण्यात जितका गंजत नाही तितका बॅगेत गंजतो! दुसरी भानगड अशी की जे स्टील गंजाला दाद देत नाही, उदाहरणार्थ ३०४ किंवा ३१६, ते तापवून पाणी देऊन कडक करता येत नाही म्हणून धार लवकर जाते, आणि जे कडक होतं, ४२० किंवा ४४०, ते समुद्रात गंजतं. दोन्ही एकदम पाहिजे असेल तर एच-१ नावाचं स्टील आहे ज्यात कार्बनचं काम बरंचसं नायट्रोजनवर सोपवलंय, स्पायडरकोच्या सॉल्ट चाकूंमुळे ते प्रसिद्ध झालं. मित्राचा एक हाताळला, वर्षभर नीट धुतलेला नाही म्हणतो आणि तरी एक डाग नाही, मला हेवा वाटला. पण तो घडीचा चाकू आहे आणि मोज्यातून उघडायला मला जमला नाही, त्यामुळे घेतला नाही.

मोठा चाकू राहिलाच. प्रामाणिकपणे, ८ मिमीचा दोर त्याच्या करवतीने सगळ्यात आरामात कापला गेला, शिअर्सपेक्षाही. नांगराचा जाड दोर, प्रोपेलरला गुंडाळलेला दोर, जाड केल्प (समुद्री शेवाळ), असं काम ज्यांना नेहमी पडतं त्यांना मोठं दातेरी पातं हवंच, त्यांनी माझं ऐकू नये. पण हौशी डाइव्हरला जे अडकतं ते शंभरातल्या नव्वद वेळा बारीकच असतं, आणि बारीक कापायला वीतभर पातं म्हणजे नुसतं ओझं. त्यातून पिंढरीला बांधायचाच असेल तर आतल्या बाजूला बांधा, बाहेरच्या बाजूचा चाकू स्वतःच दोरी पकडत फिरतो.

आणि इथे खरा मुद्दा येतो जो रिव्ह्यूंमध्ये शेवटी एका ओळीत उरकतात: कुठे लावायचं. माझ्या मते हत्यारापेक्षा जागा महत्त्वाची. हनुवटीपासून कमरेपर्यंत, छातीच्या समोरच्या भागात, दोन्हीपैकी कुठल्याही हाताने पोचेल अशी. उजव्या खांद्याच्या पट्ट्यावर लावलेलं हत्यार उजवा हात अडकल्यावर डाव्याने निघतं का? पूल सेशनला करून बघा, मला तिसऱ्या प्रयत्नात जमलं, कारण बीसीडीत हवा भरायची इन्फ्लेटर होज मध्ये येत होती. आणि एक नाही, दोन हवीत, वेगळ्या प्रकारची, वेगळ्या जागी, कारण हातातून पडणं ही इथली सगळ्यात कॉमन गोष्ट आहे. लांब लॅनयार्ड, म्हणजे हत्यार अंगाला बांधायची दोरी, लावून यावर उपाय करणारे आहेत, पण तो लॅनयार्ड म्हणजे अडकायला अजून एक दोरी झाली की. आखूड बंजी (ताणणारी रबरी दोरी) ठीक आहे.

माझी सध्याची मांडणी अशी. डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर लाईन कटर, कमरेच्या पट्ट्यावर बकलच्या डावीकडे पाकिटात शिअर्स. टायटॅनियमचा चाकू कधी नेतो कधी नाही, मनगटावरच्या डाइव्ह कंप्युटरच्या पट्ट्यावर लावायचं म्यान मिळालं तर नेहमी नेईन.

वापरायचा क्रम मात्र कटरच्या आधी सुरू होतो. हालचाल बंद, वळायचं नाही, एक लांब श्वास, हवेचा गेज बघायचा, बडीला खूण. बडीला दिसतंय ते तुम्हाला दिसत नाहीये, म्हणून पहिला कटर त्याचाच. तो लांब असेल तरच स्वतः, आणि तेव्हा हाताने चाचपून ही दोरी आहे, होज नाही, याची खात्री करून मगच. दोरी कापली की सुटं टोक हातात धरून ठेवा नाहीतर तेच पुढे जाऊन फिनला लागतं. ३० मीटरच्या खाली नार्कोसिसने, म्हणजे दाबाखालच्या नायट्रोजनच्या गुंगीने, डोकं मंद चालतं, थंड पाण्यात बोटं चालत नाहीत, म्हणून हे सगळं हाताला पाठ पाहिजे. आणि गुहेत डाइव्ह करत असाल तर गाईडलाईन, म्हणजे रस्ता कळायला बांधलेली दोरी, ही कापायची शेवटची गोष्ट, बाहेर जायचा रस्ताच तो आहे, तिथे आधी सोडवायचं, अगदीच नाईलाज झाला तर बाहेर जाणारं टोक हातातून न सोडता कापायचं. गुहेचं शिक्षण वेगळं असतं, माझ्या दोन ओळींवर जाऊ नका.

प्रवासात सगळी हत्यारं चेक-इन बॅगेत, हे सांगायची गरज नसावी पण मी एकदा केबिन बॅगेत विसरलेले शिअर्स विमानतळावरच सोडून आलोय. काही मरीन पार्कांत चाकू न्यायलाच बंदी असते, मेक्सिकोतलं कोझुमेल हे त्यातलं ओळखीचं, तिथे हातमोजेही चालत नाहीत कारण लोक कोरलला हात लावतात. तिथे जायच्या आधी ऑपरेटरला विचारून घ्या की लाईन कटर चालतो का.

देखभाल सांगायची तर तीन मिनिटांचं काम. गोड्या पाण्यात म्यानासकट बुडवायचं, मग म्यानातून काढून धुवायचं, पुसून वेगवेगळं वाळवायचं, सांध्याला सिलिकॉन ग्रीसचा एक थेंब. मोठ्या चाकूच्या मुठीचा स्क्रू असेल तर तोही वर्षातून एकदा उघडा, माझ्या उघडल्यावर आत जे निघालं त्याला स्टील म्हणायला जीव धजत नव्हता. वरून पातं आरशासारखं चकचकीत, आणि मुठीच्या आत तांबडा भुगा.